पाव्हणा कोण, वैरी कोण?

माझ्या नोकरीबद्दलचा सगळ्यात अवघड प्रश्न मला बीडच्या एसटी स्टँडवर विचारला गेला. बाकावर शेजारी बसलेल्या आजींनी आधी माझं गाव, मग माहेर, मग आडनाव विचारून घेतलं आणि शेवटी म्हणाल्या, "अन् नोकरी कशात म्हनायची?"

"सरकारी समितीचं काम बघते. समिती सल्ला देते," मी म्हटलं.

"कुनाला?"

"साहेबांना."

"आमच्या घरी समदेच सल्ला देतेत बाई. पगार कुनालाच न्हाई," असं म्हणून आजी गाडीत चढल्या. त्यांना उत्तर द्यायचं राहून गेलं. या अंकाच्या संपादकांनी कामाबद्दल लिहा म्हटलं, तेव्हा पहिल्यांदा त्या आजीच आठवल्या. हे त्यांनाच सांगतेय असं समजा.

मी विधी समुपदेशक होते. कायद्याची पदवी, काळा कोट घरातल्या खुंटीला, आणि हातात अकरा महिन्यांची ऑर्डर. ती संपली की पुन्हा अकरा महिने. कंत्राटी माणूस निवृत्त होत नाही, त्याची पुढची ऑर्डर येत नाही एवढंच. माझीही अशीच एक दिवस आली नाही. पण तोवर मी जे काम केलं त्याचा मला अभिमान आहे, आणि तो मी लपवणार नाही.

काम सोनोग्राफी केंद्रांचं. पोटातलं बाळ मुलगा की मुलगी हे बघणं आणि सांगणं हा गुन्हा आहे, हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. म्हणून प्रत्येक केंद्राला नोंदणी घ्यावी लागते. ती देणारा आणि काढून घेणारा एक अधिकारी असतो. कायद्यात त्याला 'समुचित प्राधिकारी' म्हणतात, आम्ही 'साहेब' म्हणायचो. पण एकट्या माणसावर कायद्याचा भरवसा नाही, आणि ते बरंच आहे. साहेबांच्या हातात कुलूप दिलं, पण ते लावण्याआधी आठ जणांना विचारायला सांगितलं. तीन डॉक्टर, एक वकील, एक माहिती खात्याचा अधिकारी आणि तीन समाजसेवक. ही आमची सल्लागार समिती.

आता त्या आठ जणांवर कोण लक्ष ठेवणार? सल्ला देणाऱ्याचं काय जातं, असं लोकांना वाटतं. आमच्याकडे जायचं. नेमणूक तीन वर्षांची. दोन महिन्यांच्या आत बैठक झालीच पाहिजे. चौघं हजर नसतील तर कोरम नाही, आणि कोरम नाही तर बैठक नाही. कोण काय बोललं ते इतिवृत्तात लिहून वर पाठवायचं. ज्याच्या केंद्राला कुलूप लागलं तो अपिलात गेला, की वरचे लोक तेच इतिवृत्त पुढ्यात ठेवून एकेका शब्दाचा जाब विचारणार. बैठक बोलवणं, कायदा वाचून दाखवणं आणि इतिवृत्त लिहिणं हे माझं काम. मी समितीची सदस्य नव्हते. माझं मत कुणी विचारत नसे, आणि मी ते सांगितल्याशिवाय राहत नसे.

कायदा लिहिणाऱ्यांना एक गोष्ट मात्र ठाऊक नव्हती. आमच्या जिल्ह्यात कुणीही दोन माणसं एका बाकावर बसली की चहा येईपर्यंत त्यांचं नातं निघतं.

ते ओळखलं रुक्मिणताईंनी. त्या समितीच्या अध्यक्ष होत्या. राहायला बीडजवळच्या पाली गावात, धरणाच्या अंगाला. बचत गट चालवायच्या, दारूच्या दुकानाविरुद्ध उभ्या राहिल्या होत्या, शिक्षण सातवीपर्यंत आणि आवाज असा की माईक बाजूला सारून बोलायच्या. पहिल्याच बैठकीत मी विषय वाचायला घेतला तर त्यांनी हात वर केला.

"थांब मंगल. ज्याचा विषय हाय, त्याचा पाव्हणा हितं कोण कोण हाय, ते आधी सांगा. जो आसंल त्यानं बाहेर जाऊन च्या प्यायचा. विषय झाला की यायचं."

सगळे पंख्याकडे बघू लागले. मग रेडिओलॉजिस्ट डॉक्टर उठले. ज्यांचं केंद्र होतं ते त्यांच्या चुलत बहिणीचे दीर. वकीलसाहेब उठले, त्यांच्या आत्याच्या जावयाचे ते भाऊ. आमचे गुरुजी, निवृत्त मुख्याध्यापक, उठले. "माझा विद्यार्थी हाय. मी मारलेला हाय त्याला," म्हणाले. माहिती अधिकारी बाहेरच्या जिल्ह्यातले, ते तरी टिकतील असं वाटलं. पण तेही चुळबुळ करत उठले. त्यांचे घरमालक त्या डॉक्टरांचे मेव्हणे होते. बाकी दोघं आलेच नव्हते. आत रुक्मिणताई, स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम आणि मी. कोरम गेला, बैठक गेली. अंगणातल्या लिंबाखाली चहाची गाडी लावणाऱ्या बाबूभाईंचा धंदा तेवढा झाला.

साहेब वैतागले. "ताई, असं केलं तर या जिल्ह्यात एकही बैठक होणार नाही."

मग पुढच्या वेळी अर्धी बैठक 'पाव्हणा म्हणजे कोण' यावरच गेली. मी कायद्याची पुस्तकं चाळत होते. ताईंनी पुस्तकाशिवाय निकाल दिला. "नुसती पत्रिका येती ते गावाचं नातं. ज्याच्या लग्नाला आहेर घेऊन जावंच लागतं, तो पाव्हणा." एवढी स्वच्छ व्याख्या मी कॉलेजात ऐकली नव्हती. त्या दिवसापासून आमचं कामकाज सुरळीत झालं.

माझं एक बरं होतं. आमचं घर बौद्ध, आणि तालुक्यातले बहुतेक सोनोग्राफीवाले ज्यांच्या घरचे, त्यांच्या आहेराच्या देवघेवीत आमचं नाव कधी नव्हतंच. पत्रिकाही क्वचित यायची. "मॅडम सगळ्यात निःपक्षपाती," वकीलसाहेब चेष्टेनं म्हणायचे. मी हसायचे. ते निःपक्षपातीपण कुठून आलं होतं ते त्यांनाही कळत होतं आणि मलाही.

ही रीत वर्षभर छान चालली आणि मग तिच्यातलं भोक दिसलं. एका केंद्राच्या विषयात गुरुजी फार तावातावानं बोलायला लागले. कागदपत्रांत किरकोळ त्रुटी होत्या, ताकीद देऊन भागलं असतं. पण गुरुजींना नोंदणी रद्दच करून पाहिजे होती. एरवी हा माणूस मुंगीला वाट देणारा. ताई त्यांच्याकडे बघत राहिल्या.

"गुरुजी, तुमचा पाव्हणा न्हाई ना त्यो?"

"मुळीच नाही!"

"मग वैरी हाय का?"

गुरुजींचा चेहरा उतरला. डॉक्टरच्या वडलांशी त्यांचा शेताच्या बांधावरून जुना वाद होता. ते खोटं बोलले नव्हते. आम्ही विचारलंच नव्हतं. गुरुजी मुकाट्यानं उठले आणि लिंबाखाली जाऊन बसले. केंद्राला ताकीद मिळाली. त्या दिवसापासून प्रत्येक विषयाआधी दोन प्रश्न विचारायचे ठरलं. पाव्हणा कोण, वैरी कोण? वैऱ्याची व्याख्या गुरुजींनीच सुचवली, "ज्याच्या मयताला जायला पाय उचलत नाही तो." ती मी इतिवृत्तात जशीच्या तशी लिहिली. वरून एक फोन आला, ही भाषा शासकीय नाही म्हणून. मी म्हटलं, साहेब, माणसं शासकीय नाहीत, काय करू?

आता ज्याच्यासाठी हे सगळं सांगतेय, ते.

एका बाईची तक्रार आली. धनगराची सून, नाव आपण सखू म्हणू. दोन मुली, तिसऱ्यांदा दिवस गेलेले. एका केंद्रात तिची तपासणी झाली आणि बाहेर आल्यावर डॉक्टरच्या माणसानं तिच्या सासूला कानात काय ते सांगितलं. घरी 'पाडून टाक' सुरू झालं. सखू तडक माहेरी गेली आणि भावाला घेऊन आमच्याकडे आली. अशा तक्रारी कुणी सहसा करत नाही. केली तरी सासरचे समजूत घालतात, माहेरचे घालतात, गावातले चार शहाणे घालतात, आणि पुढच्या बैठकीपर्यंत बाई 'माझी काही तक्रार नाही' म्हणायला तयार होते. सखू पुन्हा सासरी नांदत होती, तरी टिकली होती. दोन्ही बाजू समितीनं समोरासमोर ऐकायच्या असं आमचं ठरलेलं, म्हणून तिला बैठकीला बोलावलं.

केंद्र होतं रुक्मिणताईंच्या जावयाचं.

मी विषयपत्रिका घेऊन पालीला गेले. ताईंनी वाचली, घडी घातली. "कोरम भरतो का त्या दिवशी?" एवढंच विचारलं. मी सांगितलं की बालरोगतज्ज्ञ परगावी आहेत, रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांनी जावयाशी दोस्ती आहे म्हणून आधीच कळवलंय, तिसऱ्या समाजसेविका आजारी आहेत. बाकीचे पाच येतील. ताई उठल्या तरी चार राहतात. ताईंनी मान हलवली आणि मला वाटेत खायला पेरू दिले.

बैठकीच्या दिवशी वकीलसाहेबांचा पत्ता नव्हता. फोन लागेना. ताई, स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम, गुरुजी आणि माहिती अधिकारी असे चौघं बसलेले. ताई आत असल्या तर कोरम होता. ताई बाहेर गेल्या की मोडत होता.

जावयाचा वकील हे मोजूनच आला होता. कागद सारखे करत तो गोड आवाजात म्हणाला, "अध्यक्ष महोदया आमच्या अशिलाच्या सासूबाई आहेत. त्या बसल्या तर आम्ही हरकत घेणार. उठल्या तर कोरम नाही. तेव्हा पुढची तारीख द्या."

पुढची तारीख म्हणजे काय, ते व्हरांड्यात बसलेल्या सखूनं मला सकाळीच सांगितलं होतं. "मॅडम, आमची मेंढरं निगायलीत. परवा वाडा हलतोय. मालक म्हन्ला, आज काय ते सांगून ये, मग ह्या गोष्टीचं नाव काढायचं न्हाई." कळप एकदा निघाला की सहा महिने कोणत्या जिल्ह्यात असेल सांगता येत नाही. सखू गेली की तक्रार गेली. आणि नुसती तक्रारच गेली असती असं नाही. पाठीमागं कुणी नाही म्हटल्यावर तिच्या पोटातल्या जिवाचं काय झालं असतं, ते सगळ्यांना कळत होतं.

साहेब म्हणाले, "ताई, तुम्ही नुसत्या बसा. बोलू नका. मत देऊ नका. आकडा तेवढा भरू द्या."

खरं सांगते, मलाही तेच वाटलं. बसा की ताई, पोरीसाठी बसा. मी तसं म्हटलंही.

ताई माझ्यावर खेकसल्या. "मी बसले अन् जावई सुटला, तर म्हणतील सासूनं वाचवला. मी बसले अन् जावयाला कुलूप लागलं, तर त्यो वर जाऊन म्हणंल सासू आत बसलती, बैठकच खोटी. दोन्हीकडून पोरीचंच वाटूळं. वकीलसाहेब कुठं मेलेत ते बघ आधी."

मग त्या उठल्या, अध्यक्षांची खुर्ची मागे सरकवली आणि बाहेर गेल्या. जाता जाता खुर्ची स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडमना देत म्हणाल्या, "बैठक मोडू नगा. वेळ वाढवा."

वकीलसाहेबांच्या घरून कळलं की ते लिंबागणेशला भाचीच्या लग्नात आहेत. आमच्या गाडीचा ड्रायव्हर निघाला. मागाहून त्यानं सांगितलेली हकीकत अशी की मंगलाष्टकं संपत आली होती, मामा म्हणून वकीलसाहेब नवरीच्या मागं उभे होते आणि ड्रायव्हरनं अक्षता टाकणाऱ्यांच्या गर्दीतून घुसून त्यांचा हात धरला. "साहेब, चला. कोरम हाय." वरपक्षाला वाटलं पोलीस केस आहे.

इकडे जावयाचा वकील घड्याळ दाखवत होता. गुरुजी त्याला कायद्यावर प्रश्न विचारून गुंतवत होते. मुख्याध्यापकपणाचा एवढा चांगला उपयोग मी दुसरीकडे पाहिला नाही. मी दर थोड्या वेळानं फाटकाकडे बघायला व्हरांड्यात जायचे. सखू तिथून उठून लिंबाखाली सावलीत जाऊन बसली होती. ताई मात्र समोरच्या भिंतीपाशी, भर उन्हात, डोक्यावर पदर घेऊन दगडावर बसल्या होत्या. मला वाटलं, रागानं बसल्या असतील.

वकीलसाहेब आले ते फेटा बांधून, केसांत अक्षता, कपाळाला कुंकू. घाम पुसत खुर्चीवर बसले. मॅडमनी विचारलं, "पाव्हणा कोण, वैरी कोण?" वकीलसाहेब म्हणाले, "या विषयात कुणी नाही. पण आता माझी बहीण माझी वैरीण झाली आहे, तिची नोंद करू नका."

सखू बोलली. हळू बोलली, पण एकदाही अडखळली नाही. जावयाचं म्हणणंही पूर्ण ऐकलं. केंद्राची तपासणी झाली होती, तिचा अहवाल वाचला. चौघांनी एकमतानं सल्ला दिला की नोंदणी निलंबित करावी. साहेबांनी तो मानला आणि त्याच संध्याकाळी मशिनला सील लागलं.

मी बाहेर आले तेव्हा ताई तिथंच होत्या. मी तोंड उघडणार तेवढ्यात त्या म्हणाल्या, "सांगू नगं. ज्याला टपालानं कळायचं त्याला टपालानं कळंल. मलाबी तसंच." आणि त्या स्टँडकडे चालायला लागल्या. मला त्यांच्याबरोबर चार पावलं जायला हवं होतं. इतिवृत्त लिहायचं होतं, मी आत गेले. त्याची चुटपुट अजून आहे.

जावई अपिलात गेला, आणि ताई म्हणाल्या होत्या तसंच त्यानं लिहिलं. सासूचं आपल्याशी घरगुती कारणावरून वाकडं आहे, ती बाहेर जाण्याचं नाटक करून दाराआड उभी होती, तक्रारदार बाईला तिनंच पढवलं. चौकशीला वरून एक अधिकारी आले. कडक माणूस, हसणं ठाऊक नसलेला. इतिवृत्तातल्या ओळीवर त्यांनी बोट ठेवलं. "अध्यक्ष सभागृहाबाहेर गेल्या. बाहेर म्हणजे कुठे? दाराला कान लावूनही माणूस बाहेरच असतो."

मी म्हटलं, समोरच्या भिंतीपाशी. पण मी आत होते, अधूनमधून बघितलेलं, सगळा वेळ नाही. ते खिडकीपाशी गेले, खाली बघितलं आणि बाबूभाईंना वर बोलावलं. बाबूभाई हातातलं फडकं खांद्यावर टाकत आले.

"साब, बाई समोर भिंतीपाशी बसली व्हती. धुपात. म्या म्हन्लो, बाई, झाडाखाली बसा ना, चक्कर येईल. तर म्हन्ली, झाडाखाली ती पोरगी बसली हाय बाबूभाई. तिच्याशी मला बोलायला न्हाई पायजे. म्या च्या नेऊन दिला. त्यो बी तसाच ठिवला."

"बाई त्या मुलीशी एक शब्दही बोलली नाही?"

"साब, पोरगीच उठून गेल्ती तिच्याकडं. बाई, सावलीला या, म्हन्ली. तिला काय म्हाईत ही कोण हाय. बाईनं मान फिरवली. पोरीला वाटलं, मोठ्या घरची हाय, मेंढरंवालीशी बोलत न्हाई. म्या बघितलं ना. बाई लई रडली मग. तोंडावर पदर घेऊन."

अधिकाऱ्यांनी फाईल बंद केली आणि बाबूभाईंना चहा आणायला सांगितला. अपील फेटाळलं गेलं. कोर्टातला खटला अजून चालू आहे, तारखा पडतात. मेंढरं परतल्यावर सखू कार्यालयात येऊन गेली. कडेवर तिसरी लेक होती.

ताईंच्या लेकीनं मात्र माहेर सोडलं. पंचमीला येईना, फोन घेईना. बाजारात काही लोक म्हणत, म्हातारीनं पोटच्या पोरीचा संसार बुडवला. काही म्हणत, एवढी खरी होती तर आत बसून हाणायचं की त्याला. ताई प्रत्येक बैठकीला येत राहिल्या आणि प्रत्येक विषयाआधी तेच दोन प्रश्न विचारत राहिल्या. त्यांचा आवाज थोडा बसला होता. माईक तरीही बाजूलाच असायचा.

तीन वर्षं झाली. ताईंची मुदत संपली. शेवटच्या बैठकीत शेवटचा विषय मी मुद्दाम घातला होता. मावळत्या अध्यक्षांच्या आभाराचा ठराव. विषय ताईंचाच, म्हणून त्या रीतीप्रमाणे आपणहून उठून बाहेर गेल्या. वकीलसाहेबांनी अध्यक्षांची जागा घेतली आणि गंभीर चेहऱ्यानं विचारलं, "पाव्हणा कोण, वैरी कोण?"

गुरुजी उठले. "माझ्या नातवाच्या जावळाला त्या आहेर घेऊन आल्या होत्या. मी बाहेर जातो." माहिती अधिकारी उठले, त्यांच्या बायकोच्या बाळंतपणात डिंकाचे लाडू पालीहून आले होते. स्त्रीरोगतज्ज्ञ मॅडम उठल्या. रेडिओलॉजिस्ट डॉक्टर उठले. वकीलसाहेब म्हणाले, "मला त्यांनी भाचीच्या लग्नातून उचलून आणलं. पाव्हणा म्हणून उठू का वैरी म्हणून?" आणि तेही उठले. कोरम पार धुऊन निघाला.

आत मी एकटी. इतक्या बैठका झाल्या, पण त्या दोन प्रश्नांना मी कधी जागची हलले नव्हते. मी सदस्य नव्हते, आणि माझ्या नात्याचं कुणी त्या हॉलच्या विषयात कधी आलंच नव्हतं. मी पेन ठेवलं. पिशवी घेतली आणि खाली गेले.

लिंबाखाली सगळे गोळा झालेले. ताई गोंधळून एकेकाकडे बघत होत्या. "काय झालं? ठराव झाला?"

"नाही ताई. कोरम गेला," मी म्हटलं.

"अन् तू कावून उठलीस गं? तुझं काय नातं?"

मी पिशवीतून लुगडं काढलं. हिरवं, काठाचं, आदल्या दिवशी घेतलेलं. निरोपाला द्यायचं म्हणून आणलं होतं. त्यांच्या ओटीत ठेवलं आणि म्हटलं, "आहेर आहे ताई. घेऊनच यावा लागला."

ताईंनी लुगड्यावरून हात फिरवला. मग माझ्या तोंडावरून फिरवला. डोळे पुसले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा त्यांच्या जुन्या आवाजात म्हणाल्या, "बघ बरं मंगल. आता तुजा विषय निगाला, की मला बाहेर जावं लागंल."